देऊळ तेच, मूर्ती नवी

१९४७च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेनं अमेरिकेत एक नवा पिकअप ट्रक विकायला काढला. महायुद्ध संपल्यावर नव्यानं आखलेला त्यांचा हा पहिला ट्रक. गोलसर टप, फुगीर मडगार्ड, समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी आणि मागे लाकडी फळ्यांचा हौदा. कंपनीनं या मालिकेला ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ असं नाव दिलं होतं. त्यातल्या अर्ध्या टनाच्या लहान ट्रकला ३१०० हा आकडा मिळाला. शेतकऱ्यांनी, सुतारांनी, किराणा दुकानदारांनी तो घेतला, राबवला, ठोकला आणि थकल्यावर गोठ्यामागच्या गवतात उभा करून विसरून गेले.

आज त्याच ट्रकवर लोक जीव टाकतात. गेली काही वर्षं मी रात्री झोपण्याआधी फोनवर हेच बघत असतो. गंजलेलं धूड गवतातून ओढून काढतात, सडलेला पत्रा कापून नवा जोडतात, कंपनीच्या मूळ रंगाची छटा शोधून रंग मारतात, हौद्यात नव्या फळ्या बसवतात. मग बॉनेट उघडतात, आणि आत १९४७ सालातलं काहीच नसतं. आत असतं एकविसाव्या शतकातलं, संगणकाच्या हुकमावर चालणारं व्ही-८ इंजिन. अशा गाडीला ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. अर्धा शब्द जतनाचा, अर्धा बदलाचा.

या अर्ध्या-अर्ध्या शब्दावरून हौशी लोकांत कायमचं वैर आहे. एका गटाला इंजिन बदलणं म्हणजे अपवित्र काम वाटतं. दुसरा गट म्हणतो, गाडी चालवायची असते, पुजायची नसते. मला मात्र हे सगळं बघताना आपला ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आठवतो. देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा बहुतेक वेळा मूर्ती तीच राहते आणि भिंती, शिखर, मंडप नवे होतात. इथे बरोबर उलटं घडतं. देऊळ इंचाइंचानं जपायचं आणि गाभाऱ्यातली मूर्ती बदलायची. असं का करावंसं वाटतं, हे समजून घ्यायला इंजिन-बदलाचा इतिहास बघावा लागतो. आणि तो इतिहास हौसेपेक्षा गरजेचाच जास्त आहे.

जुन्या इंजिनाचा दोष काय?

खरं तर काहीच नाही. ३१००मध्ये सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं सुमारे साडेतीन लिटरचं इंजिन होतं. ताकद ९० हॉर्सपॉवर. आजच्या एखाद्या मध्यम हॅचबॅकइतकी. अमेरिकेत या इंजिनाला लाडानं ‘स्टोव्हबोल्ट’ म्हणत, कारण त्याचे बोल्ट शेगडीच्या बोल्टांसारखे दिसायचे.

त्याची आतली रचना त्या काळाला साजेशी होती. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूचे, तेही ओतून घडवलेले. या बेअरिंगना तेल मिळायचं ते मुख्यतः शिंपडून. रॉडच्या टोकाला छोटीशी पळी असायची, ती दर फेरीत खालच्या तेलात बुडायची आणि तेल उडवायची. शेतातून बाजारात, बाजारातून शेतात, अशा चालीला ही व्यवस्था पुरून उरत होती. गिअरचं प्रमाणही ओझं ओढण्यासाठी ठरवलेलं, वेगासाठी नाही. ताशी ७०-७५ किलोमीटरपर्यंत ट्रक सुखानं चालायचा. त्यापुढे इंजिन ओरडायला लागायचं आणि तासन्‌तास तसं ओरडत राहणं त्या मऊ बेअरिंगना मानवत नसे.

मग रस्ते बदलले. १९५६ साली आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत अमेरिकेनं आंतरराज्य महामार्गांचा कायदा केला आणि ४१,००० मैलांचं, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटरचं जाळं विणायला घेतलं. या महामार्गांवर वाहनं ताशी १०० किलोमीटरच्या आसपास धावू लागली. ट्रकमध्ये काहीही बिघाड झाला नव्हता. त्याच्या पायाखालची जमीनच वेगवान झाली होती. इंजिन-बदलाच्या बहुतेक गोष्टींची सुरुवात अशीच होते. आधी रस्ता, इंधन, कायदा किंवा खिसा बदलतो. इंजिन नंतर बदलतं.

गरिबांचा व्ही-८

अर्थात ही उठाठेव त्याआधीपासून चालू होती. १९३२ साली हेन्री फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल असा व्ही-८ बाजारात आणला. तोवर आठ सिलिंडरचं इंजिन ही श्रीमंतांची मिजास होती. फोर्डनं सिलिंडरांचा अख्खा ठोकळा एकाच ओतकामात काढायची युक्ती साधली आणि किंमत खाली आली. ताकद होती ६५ हॉर्सपॉवर. काही वर्षांत ही इंजिनं भंगारात स्वस्त मिळू लागली आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ती त्याहून जुन्या, हलक्या फोर्ड गाड्यांत बसवायला सुरुवात केली. हाच हॉट रॉडचा जन्म. म्युरॉक आणि एल मिराज इथल्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळांवर ते शर्यती लावायचे. १९४८च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसननं ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक काढलं आणि ही गॅरेजमधली विद्या देशभर पोचली.

१९५५मध्ये शेव्हरोलेनं आपला छोटा व्ही-८ आणला. ‘स्मॉल ब्लॉक’ हे त्याचं पुढे रूढ झालेलं नाव. एड कोल हा त्यामागचा मुख्य अभियंता. साडेचार लिटरच्या आत बसणारं हे इंजिन आपल्या ताकदीच्या मानानं हलकं होतं, आटोपशीर होतं आणि साध्या रूपातही १६२ हॉर्सपॉवर द्यायचं. ते इतक्या गाड्यांत बसलं, की त्याचे सुटे भाग गावोगाव मिळू लागले. जे सगळीकडे मिळतं तेच माणूस आपल्या गाडीत घालतो. फोर्डच्या अंगात शेव्हरोलेचं इंजिन हे दृश्य तेव्हापासून इतकं सर्रास झालं, की फोर्डचे कडवे भक्त आजही त्यावरून दातओठ खातात. २०११ साली या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन तयार झाल्याचा सोहळा शेव्हरोलेनं केला.

त्या घराण्यातला आजच्या गोष्टीचा नायक म्हणजे एलएस. १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस-१ आलं. ५.७ लिटर, अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ हॉर्सपॉवर. दोन वर्षांत त्याची बिडाच्या ब्लॉकची भावंडं शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो पिकअपमध्ये आली. गंमत अशी, की एलएसची मूळ कल्पना जुनाटच आहे. प्रतिस्पर्धी कंपन्या कॅमशाफ्ट वर, सिलिंडरांच्या डोक्यावर नेत होत्या. शेव्हरोलेनं तो १९५५सारखाच दोन रांगांच्या बेचक्यात ठेवला आणि वरचे व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी हलवले. त्यामुळे इंजिन अरुंद आणि बुटकं राहिलं. सहा सिलिंडरची एक रांग मावेल इतकीच रुंदी असलेल्या जुन्या ट्रकच्या खोपटात ते सहज शिरतं. जुन्या विचारानं बांधलं म्हणूनच नवं इंजिन जुन्या घरात मावलं.

सिल्व्हराडो लाखोंनी विकली गेली, त्यामुळे ती लाखोंनी आपटलीही. भंगाराच्या आवारात इंजिन, गिअरबॉक्स, संगणक आणि तारांचा जुडगा असा अख्खा संच मिळू लागला. १९३२च्या पोरांनी जे केलं तेच २००५च्या पोरांनी केलं.

एक धागा ओढला की

फोनवर हे काम सोपं दिसतं. वीस मिनिटांच्या व्हिडिओत जुनं इंजिन साखळीला लटकून बाहेर येतं, नवं आत जातं. प्रत्यक्षात एक धागा ओढला की अख्खी वीण उसवते.

३१००मध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीपर्यंत जाणारा फिरता दांडा एका बंद नळीत असतो आणि ती नळी धुरीलाच जोडलेली असते. गिअरबॉक्स बदलला की ही नळी निरुपयोगी, म्हणजे मागची धुरीही बदला. ताकद तिपटीवर गेली, तर जुने ड्रम ब्रेक पुरत नाहीत, म्हणजे डिस्क बसवा. पुढची धुरी बैलगाडीसारखी सरळसोट, ताशी ११० किलोमीटरवर ती भरकटते, म्हणजे पुढचं सस्पेन्शन बदला. मूळ वायरिंग ६ व्होल्टचं, नव्या संगणकाला १२ लागतात. जुन्या कार्ब्युरेटरला पेट्रोल हळूच पाजावं लागायचं. एलएसच्या इंजेक्टरांना ते सुमारे चार बार दाबानं लागतं, म्हणून टाकीत विजेचा पंप हवा. शिवाय संगणकाला वाटतं आपण अजून सिल्व्हराडोतच आहोत. तो चोरीविरोधी किल्लीचा संकेत शोधतो आणि सापडला नाही की इंजिन पेटू देत नाही. त्याची समजूत लॅपटॉपवरून घालावी लागते.

हे सगळं झाल्यावर ट्रकमध्ये मूळचं काय उरतं? टप, दारं, मडगार्ड, काचा, जाळी आणि, मालक सोशिक असेल तर, चॅसी. म्हणजे डोळ्याला दिसतं ते सगळं जुनं आणि हाताला, पायाला, कानाला जाणवतं ते सगळं नवं.

आपल्याकडची शस्त्रक्रिया

हे वाचताना कुणाला वाटेल, की हे अमेरिकेतल्या रिकामटेकड्यांचे चोचले. मला तसं वाटत नाही, कारण आपल्या रस्त्यांचा निम्मा इतिहास इंजिन बदलण्याचाच आहे. फक्त आपण त्याला हौस म्हटलं नाही.

जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ साली बंद झाला. दरम्यान शेव्हरोलेचे ट्रक आणि त्याच कंपनीच्या ब्रिटिश शाखेचे बेडफर्ड आपल्या रस्त्यांवर रुळले. १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटली, ती बेडफर्डच होती.

त्या पिढीतले अनेक ट्रक पेट्रोलवर चालायचे आणि पेट्रोल महाग होतं. यावर इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या पर्किन्स कंपनीनं आधीच तोड काढली होती. १९३७ साली आलेलं त्यांचं सहा सिलिंडरचं पी-६ हे डिझेल इंजिन पेट्रोल ट्रकमधलं इंजिन काढून त्या जागी बसवण्यासाठीच जगभर गाजलं. १९५०च्या दशकात मद्रासच्या सिम्पसन कंपनीनं पर्किन्सची इंजिनं भारतात बनवायला घेतली. ट्रकमालकाला त्यात कसलाही धर्मभ्रष्टपणा दिसला नाही. त्याला दिसला तो दर खेपेला वाचणारा पैसा.

जीपचंही तेच. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली ती पेट्रोल इंजिनासकट. पुढे प्यूजोच्या परवान्यानं डिझेल इंजिन आलं आणि बाहेरून तीच दिसणारी जीप आतून फ्रेंच झाली. गॅरेजवाल्यांनी मग जुन्या पेट्रोल जिपांतही जे मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं. पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटॅडोरचं इंजिन जिपांत गेलं, अ‍ॅम्बेसेडरांतही गेलं. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात, ती माणसं कोंबून नेणारी जीप डिझेलवर चालली म्हणूनच परवडली. आणि खुद्द हिंदुस्तान मोटर्सनं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅम्बेसेडरमध्ये इसुझूचं १८०० सीसीचं जपानी इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवला. १९५०च्या दशकातल्या ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डचं अंग, आत जपानी काळीज. कारखान्यातून बाहेर पडलेली रेस्टोमॉडच म्हणायची ती.

म्हणून अमेरिकन ट्रक आणि वडापची जीप यांत मला फरक दिसतो तो एवढाच, की तिथे इंजिन बदलून गाडीला निवृत्तीनंतरचं आयुष्य देतात, इथे आपण तिला निवृत्तच होऊ देत नव्हतो.

आवाजाची सोय

आता या गोष्टीत नवं पात्र आलं आहे. २०१९ साली लास वेगासच्या सेमा प्रदर्शनात शेव्हरोलेनं १९६२चा सी-१० पिकअप मांडला. त्यात दोन विजेच्या मोटरी होत्या, मिळून सुमारे ४५० हॉर्सपॉवर. दोन वर्षांनी त्याच प्रदर्शनात फोर्डनं १९७८चा एफ-१०० आणला. मस्टँग माक-ई या विजेच्या गाडीच्या दोन मोटरी, ४८० हॉर्सपॉवर. फोर्डनं तशी एक मोटर सुटी विकायलाही काढली, ३,९०० डॉलरला. बॅटरी आणि बाकीचा पसारा ज्यानं त्यानं बघायचा.

शेव्हरोलेच्या त्या ट्रकमधली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात आवाजाची खास सोय होती. मोटरी मुक्या, म्हणून स्पीकरमधून व्ही-८ची डरकाळी काढायची. आधी इंजिन काढून टाकलं आणि मग त्याचा आवाज परत आणला. गाभाऱ्यातली मूर्ती हलवली आणि घंटेची कॅसेट लावली.

मला त्याची टिंगल करायची नाही. उलट, माणसाला नेमकं काय जपायचं असतं हे तिथे फार प्रामाणिकपणे कळतं. लोकांना इंजिन जपायचं नसतं, त्यांना त्या इंजिनाजवळ घालवलेला काळ जपायचा असतो. पण स्पीकरमधला आवाज त्या काळाची साक्ष देत नाही. स्टोव्हबोल्ट देतं. तेलात बुडणारी ती पळी बघितली की १९४७चा शेतकरी किती वेगानं जगत होता ते कळतं, आणि हे दुसऱ्या कुठल्याही वस्तूतून इतकं स्वच्छ कळत नाही. इंजिन म्हणजे त्या काळच्या रस्त्याचं, इंधनाचं आणि धातुकामाचं दप्तर असतं. ते भंगारात गेलं की दप्तर जळालं.

कायद्याच्या दोन टोकांत

हा प्रश्न आपल्याकडे आता फक्त हौशी लोकांचा उरलेला नाही, कारण कायदा त्यात उतरला आहे. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळी होईल अशा रीतीनं गाडीत फेरफार करता येणार नाही. २०२१ साली केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालणार नाही. आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही.

म्हणजे कायद्याला दोनच प्रकारच्या जुन्या गाड्या दिसतात. एक, इंजिनासकट मूळची, पण रोज न चालणारी. दुसरी, रोज चालता चालता भंगाराच्या वाटेला लागलेली. मधली जागा अरुंद आहे. विजेचे किट बसवून जुनी गाडी नव्यानं चालवायची वाट आहे, पण त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून किट मंजूर व्हावं लागतं. आणि एकेका जुन्या मॉडेलसाठी एवढा खटाटोप कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत याचं उत्तर थोडं वेगळं आहे. तिथल्या नियमांचं सूत्र असं, की नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं असावं आणि त्याची प्रदूषण रोखणारी यंत्रणा शाबूत असावी. कॅलिफोर्नियात १९७५पर्यंतच्या गाड्यांना धुराची नियमित तपासणीही माफ आहे. रेस्टोमॉडची दुनिया १९४० ते १९७५च्या ट्रकांभोवती फिरते, त्याला सौंदर्याइतकंच हेही कारण आहे. सूत्र मात्र मला शहाणपणाचं वाटतं. बदल करा, पण धूर वाढवू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेलं नवं इंजिन जुन्या स्टोव्हबोल्टपेक्षा हवेला कितीतरी कमी त्रास देतं.

माझं मत विचाराल तर मी इंजिन बदलणाऱ्यांच्या बाजूनं आहे. उभ्या गाडीचा पत्रा सडतो, तिच्या कळा जाणणारे हात संपतात, आणि चालत्या गाडीमागे निदान एक मेकॅनिक, एक रंगारी, एक वायरमन जिवंत राहतो. बॅबिट ओतून बेअरिंग घडवणारे कारागीर आज अमेरिकेतही शोधावे लागतात. प्रत्येक जुन्या ट्रकनं त्यांच्या दारात रांग लावावी ही अपेक्षा ट्रकला मारणारी आहे.

पण या बाजूला उभं राहताना तीन गोष्टींचा आग्रह मला धरावासा वाटतो. चॅसी कापू नये, नवं इंजिन बोल्टच्या आधारावर बसवावं, म्हणजे पुढच्या पिढीला ते सोडवता येईल. ज्या गाडीचे नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, तिला हात लावू नये. ३१०० अमाप बनले, त्यातल्या काहींनी नवं काळीज घेतलं तर इतिहास दरिद्री होत नाही. आणि जुनं इंजिन विकू नये. तेल भरून, तोंडं बंद करून, लाकडी ठोकळ्यावर कोपऱ्यात ठेवावं. त्याच्यावर एक चिठ्ठी बांधावी: कुठल्या गाडीतून काढलं, कोणत्या तारखेला, नंबर काय आणि काढलं तेव्हा चालू होतं का.